न दिसणारे दुखणे

काही दुखण्यांची साक्ष रोग्याच्या अंगावरच लिहिलेली असते. मोडलेला हात किंवा तापाने फणफणलेले अंग पाहिले की शेजारीपाजारी धावून येतात. परंतु काही दुखणी रक्तात लपून राहतात. रोगी उठून बसतो, चार घास खातो, एखादे दिवशी हसतोही. आणि म्हणूनच त्याचे दुखणे कोणाला खरे वाटत नाही. सिकलसेल हे अशा दुखण्यांपैकी एक होय. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखात, विशेषतः आदिवासी समाजांत, हा रोग पिढ्यानपिढ्या ठाण मांडून बसला आहे. नेपानगरजवळचे चांदनी आणि बऱ्हाणपूर जिल्ह्यातील इतर खेडी याच मुलखात येतात. तेव्हा आमच्या कुटुंबांनी हा रोग नीट ओळखावा, या हेतूने हे चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

रोगाचे स्वरूप

निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व मऊ असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या सहज वाकून निघून जातात. सिकलसेलच्या रोग्याच्या पेशी मात्र प्राणवायू कमी पडताच वाकड्या व ताठर होतात; त्यांना विळ्याचा आकार येतो, आणि त्यावरूनच रोगाला हे नाव मिळाले. ओढ्याच्या अरुंद पात्रात काटक्या अडकाव्यात तशा त्या वाहिन्यांत अडकून पडतात. जेथे रक्त पोहोचत नाही तेथे असह्य वेदना उठते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही विकृत पेशी १० ते २० दिवसांतच मरते. म्हणून रोगी सदा फिकट, थकलेला आणि कधी डोळ्यांनी पिवळा दिसतो.

१९१० साली अमेरिकेतील शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोषाचे मूळ रक्तातील हिमोग्लोबिनमध्येच आहे असे सिद्ध केले. आपल्या देशात निलगिरीच्या आदिवासींत या रोगाचा शोध लागल्याचे १९५२ साली जाहीर झाले. पुढे १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. ज्याला हा दोष आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळतो, त्याला प्राणघातक हिवतापापासून बरेच संरक्षण लाभते. हिवतापाच्या जंगलांत राहणाऱ्या वाडवडिलांपैकी कित्येकांना याच गुणाने वाचविले, आणि म्हणूनच तो त्यांच्या वंशात टिकून राहिला. हा रोग म्हणजे कुळाला लागलेला शाप आहे असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आयुष्याची झीज

या रोगाने होणारी हानी केवळ इस्पितळाच्या खाटेवर मोजता येत नाही. ती रोजच्या जीवनात, थोडीथोडी, कोणाच्या लक्षात न येता होत असते. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात आणि ते अखंड रडत राहते. शाळेतल्या मुलाचे महिन्याकाठी चार-सहा दिवस बुडतात. त्याला वारंवार पाणी प्यावे लागते आणि वारंवार लघवीस जावे लागते, कारण या रोगात मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत. गुरुजींना हे ठाऊक नसेल तर ते त्याला खोडकर समजतात. रात्री अंथरूण ओले झाले म्हणून घरी मार बसतो तो वेगळाच.

मोठ्या माणसाची गत याहून बिकट. केळीच्या मळ्यात किंवा बऱ्हाणपूरच्या यंत्रमागावर ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याला आज काम आणि उद्या अंथरूण असे जगणे परवडत नाही. दोन-तीन वेळा खाडा झाला की मुकादम दुसरा गडी पाहतो. पौषातल्या थंडीत सांधे व पाठ धरते. वैशाखात निमाडच्या उन्हाने अंगातले पाणी आटते आणि तीच कळ पुन्हा उठते. कित्येकांच्या खुब्याचे हाड झिजते आणि ऐन तारुण्यात ते लंगडू लागतात. परंतु या साऱ्यांपेक्षा जिव्हारी लागते ती घरच्यांची वाणी. “कामाच्या वेळी बरा दुखायला लागतो!” हे वाक्य किती घरांत ऐकू येते! रोग्याला मग आपले दुखणे सांगण्याचीच लाज वाटू लागते. तो दात-ओठ खाऊन सोसतो, किंवा मद्याच्या घोटात वेदना बुडवू पाहतो. आणि मद्याने अंगातील पाणी अधिकच कमी होऊन रोग बळावतो.

उपचारास उशीर का होतो?

आमच्या मते उशिराची पहिली पायरी हीच आहे. ज्याच्यावर घरचा विश्वास नाही, त्याला दवाखान्यात कोण नेणार? दुसरी पायरी अंतराची व पैशाची. दवाखान्यात जायचे म्हणजे रोग्याची मजुरी बुडते आणि त्याच्यासोबत जाणाऱ्याचीही बुडते. तिसरी पायरी समजुतीची. मुलाचे पोट फुगले की भगताला बोलाविले जाते. कोठे कोठे तापल्या लोखंडाने कोवळ्या पोटावर डागही देतात. असे आईबाप निर्दय असतात असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. भगत जवळ राहतो, आपल्या बोलीत बोलतो आणि घटकाभर बसून ऐकून घेतो, म्हणून ते त्याच्याकडे जातात. परंतु डागाने रक्त सुधारत नाही. उलट जखम चिघळते आणि ज्या घडीला औषध मिळावयास हवे होते ती घडी निघून जाते.

चौथी पायरी श्रद्धेच्या नावाखाली येते. नवस बोलला, नोव्हेना सुरू केला, आता गोळ्या कशाला, असे म्हणणारेही आढळतात. त्यांनी लूर्ड्सची गोष्ट ऐकावी. पवित्र मरियेच्या त्या तीर्थस्थानी १८८३ सालापासून वैद्यांचे कार्यालय आहे. कोणी बरे झाल्याचे सांगितले की तेथील वैद्य ते कसोशीने तपासतात. हजारो वार्तांपैकी केवळ सत्तराहून थोड्या अधिक घटनांना ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्यता दिली आहे. वैद्य व औषधी ही देवाचीच देणगी आहे, असे पवित्र शास्त्रातील बेनसिराच्या ग्रंथात सांगितले आहे. प्रार्थना करावी आणि गोळीही घ्यावी. दोहोंत वैर नाही.

काय करावे?

१ जुलै २०२३ रोजी आपल्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासावे आणि २०४७ पर्यंत हा रोग हटवावा, असा त्याचा संकल्प आहे. बोटाच्या टोकाच्या रक्ताच्या थेंबावरून पहिली तपासणी होते. दोष दिसल्यास दुसऱ्या तपासणीने खात्री करून घ्यावी लागते. तपासणीनंतर मिळणारे कार्ड जपून ठेवावे. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यातही या रोगाचा समावेश आहे; त्याचीही चौकशी करावी.

रोग निघाला म्हणून हातपाय गाळू नयेत. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, वेळेवर लसी, भरपूर पाणी, थंडीत ऊब, आणि वैद्याने सांगितल्यास हायड्रॉक्सियुरियाची रोजची गोळी, एवढ्याने पुष्कळांचे कळांचे दिवस कमी होतात. ही शेवटची गोळी चालू असता अधूनमधून रक्त तपासावे लागते, आणि मूल होऊ देण्याचा विचार असल्यास स्त्री-पुरुष दोघांनीही आधी वैद्याला विचारावे लागते. चार महिने बरे वाटले म्हणून कोणीही परस्पर औषध सोडू नये. बरे वाटते ते त्या औषधामुळेच. रोग मुळापासून काढण्यासाठी अस्थिमज्जा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि २०२३ च्या अखेरीस इंग्लंड व अमेरिकेत नव्या जनुकीय उपचारासही अनुमती मिळाली. परंतु असे उपाय गरिबाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. गोळी मात्र आवाक्यातली आहे.

पुढील खुणा दिसताच सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे : १०१ अंशांवर ताप, छातीत कळ किंवा धाप, पोटाच्या डाव्या अंगी एकाएकी वाढलेली गाठ, अंगाची एक बाजू लुळी पडणे, अकस्मात पांढरेफटक पडणे.

विवाहापूर्वी

आता एक नाजूक प्रश्न. ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळाला तो वाहक होय; तो स्वतः बहुधा निरोगीच असतो. वधू व वर दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणी मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. पहिले मूल रोगी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब कोणी मांडू नये. प्रत्येक वेळी संभव तेवढाच. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात हिमोग्लोबिनचा कोणताही दोष नसेल, तर मूल रोगी होत नाही.

यावरून एक गोष्ट उघड होते. मूल या रोगाचे निघाले तर त्यात आईचा वाटा जेवढा, तेवढाच बापाचाही असतो. तरीसुद्धा दोष सुनेच्या माथी मारला जातो, तिला माहेरी धाडले जाते, तिच्या धाकट्या बहिणींची स्थळे मोडतात. हा धडधडीत अन्याय आहे. ख्रिस्तसभेच्या नियमांत हा रोग विवाहाला अडथळा मानलेला नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, सोयरीक ठरण्यापूर्वी मुलाचे व मुलीचे, दोघांचेही, रक्त तपासावे. गर्भातील जीव पवित्र आहे असे आपण मानतो. मग हे ज्ञान त्याच्या आधी, विवाहाच्या उंबरठ्यावरच मिळालेले बरे. तपासणीचा निकाल ही त्या कुटुंबाची खाजगी ठेव आहे. पाणवठ्यावर चघळण्याचा तो विषय नव्हे.

शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेल्या एका स्त्रीची हकीकत आहे. वैद्यांपायी तिचे सारे धन संपले होते, आणि लोकांच्या दृष्टीने ती अशुद्ध ठरली होती. ती गर्दीत मागून, चोरून आली. प्रभूने तिला बरे तर केलेच. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने तिला सर्वांसमक्ष बोलावून तिचे सारे म्हणणे ऐकून घेतले आणि तिला कन्या म्हटले. दुसऱ्या एका प्रसंगी चौघा जणांनी एका पक्षाघाती माणसाला छप्पर उकलून प्रभूपुढे उतरविले. त्या चौघांनी कोणते औषध दिले नाही. त्यांनी केवळ खाट उचलली.

वाचकहो, जगात रोग्यांचा दिन म्हणून ११ फेब्रुवारी हा लूर्ड्सच्या मातेचा सण १९९३ पासून पाळला जातो. परंतु आपल्या वाडीतल्या रोग्याला तेवढ्या एका दिवसाने पुरत नाही. त्याला तपासणीच्या दिवशी सोबत हवी, बुडालेल्या मजुरीच्या दिवशी शेजाऱ्याकडून पायलीभर ज्वारी हवी, आणि कळ उठली असे तो म्हणाला की त्यावर विश्वास ठेवणारे एक माणूस घरात हवे. खाटेचे चार कोपरे धरणारे चार हात प्रत्येक धर्मग्रामात निघोत, हीच प्रभुचरणी प्रार्थना.