बालवाडीत टरबुजाची वेल

टरबुजाची बी चुकून गिळली तर पोटात वेल उगवते, ही भीती आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी भोगलेली आहे. मी स्वतः एक रात्र बेंबीवर हात ठेवून जागून काढली होती. सकाळी वेल आली नव्हती, भीती गेली. पण ती का आली नाही, हे मला कोणी सांगितले नाही. थोरांनी थट्टा केली आणि विषय तिथेच संपला. अडाण नदीकाठच्या या बोरी अरब गावी आज मी तो संपलेला विषय पुन्हा उकरून काढणार आहे.

टरबूज म्हणजे पुणे-मुंबईकडचे कलिंगड. आपली मुले ते पाहतात ती हातगाडीवर, कापलेल्या लाल फाकीत. चार-पाच वर्षांच्या मुलाला टरबुजाचे झाड काढायला सांगा. तो खोड काढील, फांद्या काढील आणि आंब्यासारखी टरबुजे टांगील. यात त्याची चूक काय? त्याला आपण फळ दाखवले, वेल कधीच दाखवली नाही. मग मास्तरीणबाई म्हणतात, “नाही रे, टरबूज वेलीला येते.” मूल मान डोलावते. त्याला उत्तर मिळते, ज्ञान मात्र मिळत नाही.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली भावनगरला नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. तिथल्या कामात अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. विकतची महागडी साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. म्हणून या दोघींनी पाने, बिया, खडे, शंख-शिंपले हीच साधने केली. कोसबाडला तर गुरे चारणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. टरबुजाची बी हे असेच फुकटचे साधन आहे. तिला फक्त नव्वद दिवस लागतात.

हे नव्वद दिवस कुठले, हे मात्र नीट ठरवले पाहिजे. पावसाळ्यात पेरून उपयोग नाही, आणि मार्चात पेरावे तर फळ धरते न धरते तोच उन्हाळ्याची सुट्टी लागते. तेव्हा पेरणी संक्रांतीला करावी. त्या दिवसांत आपल्याकडे रात्री गार असतात, म्हणून बिया रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवाव्यात. मोड दिसला की अंगणाच्या कोपऱ्यात शेणखत घातलेल्या आळ्यात बोटाच्या एका पेराएवढ्या खोल टोचाव्यात. लवकर येणारे ‘शुगर बेबी’सारखे वाण घेतले तर रामनवमी-हनुमान जयंतीच्या सुमारास फळ हाती लागते. बाजारच्या फळातली बी संकरित असण्याचा संभव फार. तिचे फळ आईसारखे निघेलच असे नाही, हे मुलांना आधीच सांगून टाकावे.

रोप वर येते तेव्हा दोन जाड दले दिसतात. कधी कधी त्यांच्या डोक्यावर बीचे टरफल टोपीसारखे अडकून राहते, आणि मुले हसून लोळतात. त्या हसण्यातच एक धडा आहे. रोपाच्या बुडाशी एक बारीक खुंटी असते. ती टरफलाची खालची कड दाबून धरते आणि दले वर सरकून मोकळी होतात. भोपळ्याच्या रोपातल्या या खुंटीविषयी चार्ल्स डार्विनने १८८० च्या ग्रंथात लिहिले आहे. बी फार वर, भुसभुशीत मातीत पडली की टरफलाला दाब मिळत नाही आणि टोपी राहून जाते. मुलांना डार्विन सांगू नये. एक बी वरवर आणि एक खोल टोचावी, म्हणजे झाले.

खरी परीक्षा फुलांच्या वेळी होते. पहिले काही दिवस नुसती नरफुले येतात आणि गळतात. मुले हिरमुसतात, त्यांना थांबू द्यावे. मग एखाद्या सकाळी असे फूल येते की त्याच्या खाली वाटाण्याएवढे, लवदार, हिरवे टरबूज आधीच लागलेले असते. हे मादीफूल. ते एकच सकाळ उमलते. तेवढ्यात मधमाश्या वारंवार येऊन नरफुलाचे पराग पोचवतील तर ते इवले फळ वाढते. नाही तर पिवळे पडून सुकते. मुलांनी अशा एका कळीवर उमलण्याआधीच मलमलीची पिशवी बांधावी. दुसरी उमलली की नरफुलाच्या पाकळ्या काढून पराग तिच्या मध्यावर अलगद टेकवावेत.

हा प्रयोग मी एका बालवाडीत पाहिला. चार-पाच दिवसांनी पिशवी सोडली, तर आतले फळ सुरकुतलेले. एक मुलगी रडू लागली. “आपण बांधलं म्हणून मेलं का?” बाई क्षणभर थबकल्या. “देवाची इच्छा” म्हणून वेळ मारून नेणे सोपे होते, शेजारचे जगलेले फळ दाखवून तिला भुलवणेही सोपे होते. त्या म्हणाल्या, “हो. माशीला आत येता आलं नाही.” मुलगी आणखी थोडी रडली. नंतर पंधरा दिवस अंगणात कोणी मधमाशी हाकलली तर ती धावून जाई. लहान मुलांना दुःख दाखवू नये, असे म्हणणाऱ्यांशी माझे येथेच जमत नाही.

फळ फुगू लागले की मुले विचारतात, “यात पाणी कोण भरतं?” टरबुजाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच, पाच किलोच्या फळात ते सुमारे साडेचार लिटर भरते. ते मुळांनी ओढलेले असते. गोडी मात्र मुळातून येत नाही. ती पाने उन्हात तयार करतात. म्हणून पाने रोगाने गेली की फळ पाणचट होते, आणि तोडल्यावर ते अधिक गोड होत नाही. पिकल्याच्या खुणा मुलांनीच शोधाव्यात: देठाजवळचा ताणा वाळतो, जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळसर होतो, टिचकीचा आवाज बद्द येतो.

जमल्यास एखादी डांगरवाडीही दाखवावी. पूर ओसरला की नदीच्या पात्रात ढीवर, भोई, कहार मंडळी वाळूत ओल लागेपर्यंत खड्डे करीत, खत घालीत आणि डांगर-टरबूज लावीत. वर वाळू तापलेली आणि खाली पाणी, अशा जागी वेल खूश असते. धरणांनी आणि वाळूच्या उपशाने अशा वाड्या पुष्कळ ठिकाणी आटल्या. आता शेतात प्लॅस्टिक अंथरून, ठिबकवर टरबूज घेतात. तेही दाखवावे, त्यात कमीपणा नाही.

फळ कापल्यावर कोणी तरी विचारीलच, “इतक्या पाण्यात बी असून आतच का उगवत नाही?” पेल्यातल्या रसात चार बिया आणि ओल्या फडक्यात चार बिया ठेवून आठवडाभर पाहावे. फडक्यातल्या उगवतात. रसातल्या बीला मोकळी हवा मिळत नाही, आणि रस तिला आवरून धरतो. पोटातही बीला तशी मोकळी हवा मिळत नाही, म्हणून माझ्या बेंबीतून वेल आली नाही. उरलेल्या बिया मुलांनी धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून बाटलीत भराव्यात आणि बाटलीवर पुढच्या संक्रांतीची तारीख चिकटवावी.