बर्फाखालचे चमकते डोळे

हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिल लॅक्ससारखी अवाढव्य तळी गोठतात आणि त्यांच्या पाठीवर मासेमारांच्या खोपट्यांची वस्ती उभी राहते. वर एवढा बर्फ, मग खाली मासे जगतात कसे?

पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वरच राहते आणि तिथेच गोठते. हा बर्फ मग खालच्या पाण्यावर गोधडीसारखा पसरतो, म्हणून खालचे पाणी गोठत नाही आणि मासे तिथे जगतात.

इथला मानाचा मासा म्हणजे वॉलाय. 1965 पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे. मांजरासारखाच त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे अंधूक उजेडात त्याला भक्ष्य दिसते, भक्ष्याला मात्र तो नीट दिसत नाही. म्हणूनच गळ टाकायची खरी वेळ पहाट आणि दिवेलागण.

मोठ्या गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंद भोक पाडतात. बसायचे भोकाशेजारीच, म्हणून काठी जेमतेम दोन-तीन फुटांची. वजनदार डोक्याच्या ‘जिग’ गळाला छोटा मासा लावून तो तळाच्या जरासा वर ठेवतात, हलका झटका देतात आणि थांबतात. झटक्याने वॉलाय जवळ येतो; घास बहुधा गळ स्थिरावल्यावर घेतो. शेजारच्या भोकावर ‘टिप-अप’ राखण करतो: माशाने दोरी ओढली की झेंडा वर!

मात्र पाऊल टाकण्याआधी बर्फ मोजायचा. चालायला नितळ, घट्ट बर्फ किमान 4 इंच जाड हवा.