वृक्षारोपणाकडून वृक्षसंगोपनाकडे : गढ्यातील रस्त्यांच्या निमित्ताने

पावसाळा सुरू झाला की गावोगावी वृक्षारोपणाचे कार्यक्रम साजरे होतात. १९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा या कार्यासाठी मुक्रर झाला आहे. रोपे लावली जातात, छायाचित्रे काढली जातात आणि पुढील उन्हाळ्यात त्याच जागी बहुधा रिकामे आळे तेवढे शिल्लक राहते. असे का होते, आणि वसाहतीतील रहिवाशांनी एकत्र येऊन ते कसे टाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणासाठी जबलपूर शहरातील गढा हा भाग घेतला आहे. परंतु यातील हिशेब आपल्या कोणत्याही शाखेच्या परिसराला लागू पडावा.

गढा : भूमी आणि इतिहास

गढा ही एके काळची गोंड राज्याची राजधानी. संग्रामशाह आणि पुढे राणी दुर्गावती यांच्या नावांनी हा परिसर ओळखला जातो. १७८१ मध्ये हे राज्य सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात गेले व पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आले. या भागाशी मराठी माणसाचा संबंध इतका जुना आहे.

जबलपूर हे तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. राणीताल राणीच्या नावाचा, चेरीताल तिच्या दासीच्या नावाचा, तर अधारताल तिचा मंत्री अधारसिंह याच्या नावाचा, अशी परंपरा सांगते. यांपैकी अधारताल आजही पाण्याने भरतो. चेरीताल मात्र आता एका वस्तीचे नाव होऊन राहिला आहे आणि राणीतालच्या जागी क्रीडासंकुल उभे आहे. सार्वजनिक वस्तू निर्माण करणे आणि ती सांभाळणे या दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या आहेत, हे सांगण्यासाठी याहून दूरचा दाखला शोधण्याची गरज नाही. रस्त्यावरील झाड हीदेखील अशीच सार्वजनिक वस्तू होय.

गढ्याची जमीन झाडांच्या दृष्टीने सोपी नाही. मदनमहालाच्या टेकड्यांकडे ग्रॅनाइटचा खडक उघडा पडला आहे; १९९७ च्या २२ मे रोजी झालेल्या भूकंपातही न ढळलेली प्रसिद्ध संतुलित शिळा याच टेकड्यांवर आहे. तेथे मातीचा थर अतिशय पातळ असतो. सखल भागात काळी, चिकट माती लागते. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळे तोडते. पाऊस भरपूर, वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर; पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर चढतो. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय याच बाजूला आहे. भर दुपारी रुग्णाला घेऊन पायी जाणाऱ्या आप्ताला रस्त्याकडेची सावली ही शोभेची बाब वाटत नाही.

भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च

वाणिज्य शाखेचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो की कारखाना उभारण्यासाठी भांडवल लागते आणि तो चालवण्यासाठी खेळते भांडवल लागते. दुसऱ्याची तरतूद नसेल तर नवे कोरे यंत्रही गंजते. आपले बहुतेक वृक्षारोपण नेमके येथेच अडते. खड्डा, रोप आणि संरक्षक जाळी यांवर पैसा खर्च होतो. पाणी, आळे, खत आणि देखरेख यांसाठी मात्र पैसा नसतो व माणूसही नेमलेला नसतो. रस्त्यावरील रोप स्वतःच्या मुळांवर समर्थ होण्यास साधारणतः तीन उन्हाळे जावे लागतात. तेव्हा या तीन उन्हाळ्यांची सोय आधी करावी आणि मगच रोपांची संख्या ठरवावी, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

एक उदाहरण पाहू. चाळीस घरांच्या एका गल्लीने चाळीस झाडे लावली असे समजा. १५ ऑक्टोबर ते १५ जून हा काळ सुमारे ३५ आठवड्यांचा होतो. आठवड्यातून दोन वेळा २० लिटर याप्रमाणे एका झाडाला वर्षाला १,४०० लिटर व चाळीस झाडांना ५६,००० लिटर पाणी लागेल. पाच हजार लिटरच्या टँकरने हे पाणी आणायचे तर वर्षाला अकरा-बारा फेऱ्या होतात. आकडा मोठा वाटतो. परंतु तोच चाळीस घरांत विभागला की प्रत्येक घराच्या वाट्याला आठवड्याला केवळ दोन मोठ्या बादल्या येतात. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणीही यासाठी चालते; साबणाचे पाणी मात्र टाळावे.

पैशांचेही तसेच आहे. प्रत्येक घराने दरमहा १०० रुपये दिले तर वर्षाला ४८,००० आणि तीन वर्षांत १,४४,००० रुपये जमतात. म्हणजे प्रत्येक झाडामागे वर्षाला १,२०० रुपये देखभालीसाठी उपलब्ध होतात. ही रक्कम कोणाच्याही वैयक्तिक खात्यात ठेवू नये. समितीने रीतसर ठराव करून, ओळखपत्रे व आवश्यक कागदपत्रे देऊन समितीच्या नावे खाते उघडावे, व्यवहार दोघांच्या संयुक्त स्वाक्षरीने करावेत आणि जमाखर्च दर तिमाहीस सर्वांसमोर वाचून दाखवावा. हिशेब उघडा असला की वर्गणी थकत नाही, हा अनुभव सहकारी संस्थांशी संबंध आलेल्या प्रत्येकास आहे.

संमती, परवानगी आणि निवड

रोप कोणाच्या दारासमोर लागणार आहे, त्या घराची संमती प्रथम घ्यावी. फाटक, वाहन ठेवण्याची जागा, दुकानाची पाटी, भिंतीत मुळे जाण्याची भीती, पानगळीचा केर, अशा हरकती असतात आणि त्या खऱ्या असतात. त्या आधी ऐकून घेतल्या तर जागा चार हात सरकवता येते. न ऐकता लावलेले रोप एखाद्या रात्री नाहीसे होते. रस्त्याची जमीन महानगरपालिकेची असल्याने तिची परवानगी घेणे, तसेच जलवाहिनी, गटार व वीजतारा कोठून जातात याची माहिती घेणे आवश्यक आहे. एकदा वाढलेले झाड मनाला येईल तसे तोडता येत नाही, हेही सर्वांना सांगावे. नागरी भागातील वृक्षांच्या रक्षणासाठी मध्य प्रदेशात २००१ चा आणि महाराष्ट्रात १९७५ चा कायदा लागू आहे.

वीजतारांखाली कांचन किंवा बहावा यांसारखी बेताच्या उंचीची झाडे योग्य ठरतात. रुंद रस्त्यांवर कडुलिंब, करंज, जांभूळ यांना वाव असतो. वड व पिंपळ यांना मैदान, मंदिराचे आवार किंवा तलावाचा काठ द्यावा. अरुंद गल्लीत त्यांना व घरांना दोघांनाही त्रास होतो. गुलमोहर दिसतो सुंदर, पण त्याच्या फांद्या वादळात चटकन मोडतात.

खड्डा निदान दोन फूट लांब, रुंद व खोल असावा. तो पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर खाली खडक किंवा चिकट माती आहे असे समजून तळ फोडावा अथवा जागा बदलावी. लागवड चांगले एक-दोन पाऊस झाल्यावरच करावी. ५ जूनच्या पर्यावरणदिनी जबलपुरात बहुधा मोसमी पाऊस पोहोचलेला नसतो. आळ्यात वाळलेल्या पानांचा थर द्यावा. तो बुंध्याला चिकटू देऊ नये. बुंध्याभोवती सिमेंट किंवा फरशी कदापि नको. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, त्याचे कारण हेच की मुळांनाही हवा-पाणी लागते. झाड मोठे झाले की जाळी वेळीच काढावी, अन्यथा ती सालीत रुतते.

इतरत्र काय घडले

लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. त्याच लातुरात २०१९ पासून ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ या नागरिकांच्या गटाने रस्त्यांच्या कडेला व दुभाजकांत झाडे लावण्याचे व जोपासण्याचे काम नित्यनेमाने चालवले. वर्षातील एका सोहळ्याऐवजी त्यांनी ते दिनक्रमात बसवले, यात त्यांचे वेगळेपण आहे. कर्नाटकात सालुमरद थिम्मक्का यांनी हुलिकल ते कुदूर या रस्त्यावर पतीच्या साहाय्याने वडाची शेकडो झाडे वाढवली. घागरींनी दूरवर पाणी वाहून नेणे आणि काटेरी कुंपणाने गुरांपासून रोपे राखणे, एवढीच त्यांची साधने होती. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराचा अनुभव वेगळा धडा देतो. तेथे १९८१ पासून एक स्वयंसेवी संस्था शेजाऱ्यांना एकत्र आणून रस्त्यांवर झाडे लावत आली आहे. मात्र बहुसंख्य झाडांची देखभाल घरमालकांवर सोपवलेली होती आणि मोठ्या झाडांची छाटणी अनेकांना परवडत नव्हती. अखेर २०१६ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने हा भार शहराकडे सोपवला आणि त्यासाठी दरवर्षी १ कोटी ९० लाख डॉलर राखून ठेवले. तात्पर्य असे की रोपाचे बालपण शेजारी उत्तम सांभाळू शकतात; मोठ्या झाडाची छाटणी व सुरक्षा हे नगरपालिकेचेच काम आहे. समितीने आपल्या व पालिकेच्या जबाबदारीची ही सीमा आरंभीच लेखी ठरवून घ्यावी.

नोंदवही

प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. नोंदवहीत जात, लागवडीची तारीख, पालक कुटुंब आणि ते गावी गेल्यास पाणी घालणारे पर्यायी कुटुंब, अशा नोंदी ठेवाव्यात. मे महिन्याच्या सुट्टीत निम्मी गल्ली गावाला जाते आणि झाडांना पाण्याची सर्वाधिक गरज तेव्हाच असते. म्हणून पर्यायी नाव महत्त्वाचे. दर महिन्याला प्रत्यक्ष मोजणी करावी आणि अहवालात ‘किती लावली’ याऐवजी ‘किती जिवंत आहेत’ हा आकडा लिहावा. मेलेल्या रोपाची नोंद कारणासह ठेवावी. पुढील पावसाळ्यात तीच उपयोगी पडते.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तज्ज्ञ समितीने एका झाडाचे मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये ठरवले होते. या आकड्याविषयी मतभेद असू शकतात. तरीही झाडामागे वर्षाला बाराशे रुपये आणि आठवड्याला दोन बादल्या पाणी ही गुंतवणूक कोणत्याही हिशेबाने तोट्याची ठरणार नाही. ज्या गल्लीला चाळीस झाडांचे तीन उन्हाळे पेलवणार नसतील, तिने दहा लावावीत. दहा जगलेली झाडे पाहून शेजारची गल्ली पुढील वर्षी आपणहून पुढे येईल. ग्राहकबंधू-भगिनींनी आणि शाखांतील सहकाऱ्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या वसाहतीत अशी एक बैठक अवश्य घ्यावी, ही विनंती.