आधी चालवून पाहू, मग बसवू

मंडळी, आज उबुंटू २४.०४ लॅपटॉपवर कशी बसवायची ते पाहू. २४.०४ म्हणजे काय? २०२४ सालचा चौथा महिना. या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, म्हणून रोजच्या कामाला ही बरी.

आपण आयएसओ फाइल उतरवली, पेन ड्राइव्हवर चढवली आणि लॅपटॉप त्या ड्राइव्हवरून सुरू केला. आता गंमत बघा. सगळी प्रणाली चालतेय, पण लॅपटॉपच्या डिस्कवर काहीच लिहिलेलं नाही. वायफाय, आवाज, मराठी कळफलक इथेच तपासून घ्यायचे. नाही जमलं तर बंद करा, ड्राइव्ह काढा. जुनं सगळं जागच्या जागी.

खरा प्रश्न पुढे येतो. डिस्क पुसून बसवायची, की जुन्या प्रणालीशेजारी? आम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, पण एकदा घाईत पहिला पर्याय निवडला. व्याख्यानांची वीस वर्षांची टिपणं गेली.

परत फिरता येतं तोवर तो प्रयोग. पुसल्यावर तो निर्णय. म्हणून बटण दाबण्याआधी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या, आणि ती उघडतेय ना, हेही पाहा.