गिरणगावची अमानत

मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी आजही उभी आहे. तिच्या पायथ्याशी आता झगमगीत मॉल आहे. धूर केव्हाच थांबला. खरेदीला येणाऱ्या नव्या पिढीला ती मॉलची सजावट वाटते. औद्योगिक वारसा जपला असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय जपतो, हा प्रश्न ही चिमणी विचारते.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढे भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरणगाव वसले. कोकण, सातारा, कोल्हापूरकडून कामगार आले. उत्तर प्रदेशातील मोमीन विणकर मदनपुऱ्यात स्थिरावले. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि भोंग्यावर उठायचे, असे ते जगणे होते. रोजेदार विणकराला सहेरी आणि इफ्तारही पाळीशी जुळवूनच घ्यावी लागे.

या गिरणगावाने शाहीर घडवले. १९४४ च्या सुमारास अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. त्यांच्या डफावर कामगार वस्त्या जाग्या राहत. पण सगळेच अभिमानाचे नव्हते. धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या समजुतीपायी दलित कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यातून दूर ठेवले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अन्यायाला वाचा फोडली. वारसा जपायचा तर तो लाकडी धोटाही जपावा लागेल आणि त्यामागची ही गोष्टही सांगावी लागेल.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडत गेल्या. मागे राहिली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी तिचे तीन वाटे ठरवले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातील मोकळ्या जागेपुरती उरली. इमारतींखालची जमीन त्यातून सुटली आणि शहराचा व घरांचा वाटा आकसला. उच्च न्यायालयाचा निकाल या बदलाविरुद्ध गेला होता, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला.

रमजानमध्ये अमानत हा शब्द वारंवार कानी पडतो. विश्वासाने सोपवलेली ठेव हक्कदाराला परत करावी, ही कुराणाची शिकवण आहे. ठेव परत करण्याचा हा संस्कार साऱ्याच घरांत असतो. गिरणगावचा वारसाही अशीच ठेव आहे. तिचे हक्कदार आहेत तिथे घाम गाळलेली माणसे आणि त्यांची मुले. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली, तेव्हा अर्ज दीड लाखाच्या आसपास होते. चिमणी राखली आणि कामगार शहराबाहेर गेला, तर ठेवीची फक्त पिशवी परत केल्यासारखे होईल.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला. तिथे यंत्रांशेजारी माणसांचे आवाजही हवेत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी अशा आठवणी टिपून २००४ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, म्हणजे वाट दाखवलेली आहे. गिरणी पाहिलेली पिढी आता थकली आहे. ज्यांच्या घरी एखादा जुना विणकर, जॉबर किंवा खानावळ चालवलेली आजी असेल, त्यांनी तिच्या आठवणी आजच लिहून किंवा मोबाइलवर टिपून ठेवाव्यात. कामगाराचे ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, संपाचे पत्रक रद्दीत घालू नये. आज ना उद्या संग्रहालय उभे राहील, तेव्हा भिंतीवर लावायला हीच कागदपत्रे लागतील.