विमानांसाठीं धुक्याचें भाकीत

हिंगोली जिल्ह्यांत सिद्धेश्वर येथें पूर्णा नदीस बांध घालून जलाशय केलेला आहे. हिवाळ्यांत आभाळ निरभ्र असून वारा मंदावला, कीं अशा जलाशयाच्या कांठीं पहाटे धुकें धरण्यास अनुकूल स्थिति येते. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें ऊन चढतांच विरणारें धुकें. परंतु तसेंच धुकें नांदेड किंवा पुणें येथील विमानतळावर उतरलें, तर विमानांतील प्रत्येक प्रवाशाच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो.

म्हणून विमानांसाठीं हवामान वर्तविणाऱ्यास ‘उद्यां धुकें पडेल’ एवढें सांगून भागत नाहीं. तें कोणत्या वेळीं धरेल, दृष्टि किती पोहोंचेल आणि तें केव्हां विरेल, हेंही सांगावें लागतें. इंधन किती घ्यावयाचें व उतरतां न आल्यास दुसरा कोणता तळ गांठावयाचा, हें त्यावरच ठरतें.

ह्या भाकिताची किल्ली दोन आंकड्यांत आहे. पहिला हवेच्या तपमानाचा, दुसरा दंवबिंदूचा. हवा ज्या तपमानापर्यंत निवाली असतां तींतील वाफेचें पाणी होऊं लागतें, तो दंवबिंदु. समजा, संध्याकाळीं तपमान 24 अंश व दंवबिंदु 14 अंश आहे. निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशांत सोडते आणि तिला लागून असलेली हवा निवत जाते. पहाटेपर्यंत पारा 14 अंशांजवळ येईल असें दिसलें, तर धुक्याचा संभव समजावा. मात्र वारा जोराचा असला, तर वरची कोरडी हवा खालीं मिसळून धुकें धरत नाहीं. वारा अगदींच पडला, तर बहुधा नुसतें दंव पडतें. ढगांचें पांघरूण असलें, तर जमीन फारशी निवत नाहीं. दृष्टि 1000 मीटरांहून कमी झाली, म्हणजे शास्त्राच्या भाषेंत धुकें झालें.

दुपारच्या ढगांनाही हेच दोन आंकडे लागतात. तापून वर चढणारी हवा दर किलोमीटरास सुमारें 10 अंश निवते. म्हणून दोन आंकड्यांतील फरकाच्या एका अंशास सुमारें 125 मीटर, ह्या हिशेबानें ढगांचा तळ काढतात. फरक 8 अंश असल्यास तळ हजार मीटरांवर.

पावसासाठीं मात्र वरचे थर पाहावे लागतात. मुंबई व नागपूर येथून यंत्रें बांधलेले फुगे सोडतात. ते उंचावरील तपमान, ओलावा व वारा कळवितात. वरची हवा थंड आणि खालची उष्ण व दमट असली, तर गडगडाटी ढग उभे राहतात. त्यांची चाल रडारवर दिसते.

15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हां वैमानिकाचा मुख्य भरंवसा स्वतःच्या डोळ्यांवरच होता. आज मोठ्या विमानतळांवरून दर अर्ध्या तासानें हवेची वार्ता निघते आणि भाकीत चुकतें असें दिसतांच तें सुधारून कळवितात. ह्या सुधारण्यांत कमीपणा नाहीं. वैमानिकाची खरी सुरक्षितता तींतच आहे.