गाडी मोडीत काढावी की दुरुस्त करावी?

एकमेकांच्या घरी जेवायला जमलं की घरांच्या किमती, मुलांची कॉलेजं असं करत करत गप्पा गाडीवर येतातच. गेल्या हिवाळ्यात आमच्या गाडीची पाळी आली. २००७ सालची सेडान, १,८०,००० मैल पळालेली. बॉथेलहून ४०५ नं उत्तरेला निघालं की चढावर गिअर बदलताना हिसके देऊ लागली. मेकॅनिकनं ट्रान्समिशनचे ३,२०० डॉलर सांगितले. गाडी धडधाकट असती तरी तिचे तीन हजारच आले असते. मंडळींनी एकमुखानं निकाल दिला : दुरुस्ती गाडीपेक्षा महाग, काढून टाका!

हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण त्यात तुलना चुकीच्या दोन गोष्टींची होते. गाडी विकून आपण पायी थोडेच फिरणार आहोत? तिच्या जागी दुसरी येणार. तेव्हा दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी नव्हे, तर दुसऱ्या गाडीच्या खर्चाशी ताडून बघायला हवा, आणि तोही ठरावीक मुदतीसाठी. मी दोन वर्षं धरली.

जुनी ठेवली तर : ट्रान्समिशन ३,२००, इतर किरकोळ दुरुस्त्या २,४००, आणि आज आहे तशी विकून येणारे १,२०० दोन वर्षांनी हजारावर येतील, म्हणजे घट २००. एकूण ५,८००.

बदली घेतली तर : तीन वर्षं वापरलेली २२,००० ची गाडी दोन वर्षांत साधारण ४,५०० नं उतरते. सेल्स टॅक्स २,१०० च्या वर. कर्जाचं व्याज सुमारे २,३००. कर्ज आहे म्हणून पूर्ण विमा लागतो, त्याचे वरचे १,४००. ऑइल-टायर वगैरे ६००. शिवाय टॅब्ज. आपण साउंड ट्रान्झिटच्या हद्दीत आहोत, आणि २०१६ च्या मतदानानंतर गाडीच्या ठरवलेल्या मूल्याच्या १.१ टक्का कर दरवर्षी भरावा लागतो, म्हणजे दर दहा हजारांमागे ११० डॉलर. हे मूल्य मूळ छापील किमतीवरून सरकारी कोष्टकानं ठरतं, बाजारभावावरून नाही. दोन वर्षांचे जादा ५०० धरा. बेरीज ११,४०० च्या आसपास.

म्हणजे ‘महाग’ दुरुस्ती साडेपाच हजारांनी स्वस्त निघाली! तुमचे आकडे वेगळे असतील, पण कागदावर मांडून बघा. मांडताना एक पथ्य पाळा : आधी घातलेला पैसा हिशेबात आणू नका. “आत्ताच तर ब्रेकवर नऊशे घातले, आता कशी विकू?” हे आम्हीही म्हणालो होतो. ते नऊशे गेले, गाडी ठेवली तरी आणि विकली तरी. प्रत्येक नव्या बिलाला पाटी कोरी करून पुन्हा हिशेब करायचा.

इथवर मी खुशीत होतो. बायकोनं कागद वाचला आणि विचारलं, “मार्चमध्ये मुलगी सोळाची होणार. ही गाडी तीच चालवणार ना?”

तो रकाना मी मांडलाच नव्हता. आमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतं. ओल्या वळणावर गाडी घसरू लागली की हे यंत्र एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला सरळ करतं. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ते सर्व मोटारींत सक्तीचं झालं. एकट्या गाडीच्या प्राणघातक अपघातांचा धोका त्यामुळे जवळजवळ निम्मा होतो, असं आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेचं अनुमान आहे. आपल्याकडचा पाऊस आणि चढउतार बघता तो रकाना साडेपाच हजारांपेक्षा जड होता.

पण म्हणून २२,००० ची गाडी घ्यायचं कारण नव्हतं. आयआयएचएस आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स मिळून नवशिक्या मुलांसाठी वापरलेल्या गाड्यांची यादी काढतात, ती फुकट बघता येते. त्यातली २०१४ ची एक गाडी रोखीनं घेतली, म्हणजे व्याजाचा प्रश्नच मिटला. घेण्याआधी दुसऱ्या मेकॅनिककडून तपासून घेतली. त्याचे दीडशे डॉलर वसूल झाले असं मी मानतो.

राहिली जुनी. माझी आजी मोड घेऊन सोनाराकडे जायची तेव्हा आधी मोडीचं वजन आणि घट कागदावर लिहून घ्यायची, आणि मगच नव्या पाटल्या दाखवा म्हणायची. डीलरकडेही हेच करावं. तो जुनीची किंमत, नवीची किंमत आणि महिन्याचा हप्ता यांची एकत्र खिचडी करतो. जुनीला पाचशे वाढवून दिले म्हणून आपण खूश, आणि तेच पाचशे नवीत चढवलेले! तिन्ही आकडे वेगवेगळे मागा.

मात्र ट्रेड-इनचा एक खरा फायदा आहे. वॉशिंग्टन राज्यात जुनीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच सेल्स टॅक्स लागतो. बॉथेलमध्ये तो दहा टक्क्यांहून थोडा अधिक आहे. म्हणजे डीलरचे १,२०० आपल्याला सव्वातेराशेला पडतात. बाहेर त्याहून बरेच जास्त मिळणार असतील तरच खटपट करावी.

आम्ही केली. ट्रान्समिशनचं दुखणं जाहिरातीतच लिहिलं. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली दाखवलं होतं की जुन्या गाडीचे दोष फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असले की घेणारा सगळ्याच गाड्या वाईट धरून चालतो, आणि चांगल्या गाडीलाही भाव मिळत नाही. (पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळालं.) आमच्याकडे बारा वर्षांच्या पावत्यांची फाइल होती. घ्यायला आलेल्या गृहस्थांनी गाडीपेक्षा ती फाइलच जास्त वेळ पाहिली आणि १,९०० दिले. ट्रान्समिशन ते स्वतःच उतरवणार होते.

विक्रीची सूचना राज्याच्या लायसन्सिंग खात्याला पाच कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. ती विसरू नका, नाहीतर नव्या मालकाचे पार्किंगचे दंड तुमच्या पत्त्यावर येतील. मी त्याच संध्याकाळी ती भरली. मुलगी मात्र अजून नव्या गाडीत जुन्या गाडीचा वायपरचा दांडा शोधते.